आंजर्ल्याचे घर

दुसऱ्याच्या मुलीचे स्थळ, दुसऱ्याचे आजारपण आणि दुसऱ्याच्या घराचा नकाशा, या तीन गोष्टी समोर आल्या की तोंड मिटून बसणे माणसाला फार जड जाते. पहिल्या दोहोंत निदान थोडा संकोच तरी असतो. तिसरीत तोही उरत नाही. कोणी टेबलावर नकाशा उलगडला, की आपण खिशातले पेन काढतो आणि ज्या घरात आपल्याला वर्षातले आठ दिवससुद्धा काढायचे नसतात, त्या घराची मोरी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो. मी मराठीचा प्राध्यापक. वृत्ते आणि अलंकार शिकवणारा माणूस. सिमेंटचे पोते किती किलोचे असते हेही मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. पण गेल्या नाताळच्या सुट्टीत मी आंजर्ल्याला जाऊन सलग पाऊण तास बांधकामावर बोललो. त्याची ही हकीगत.

आंजर्ले हे आमचे मूळ गाव. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात, जोग नदी समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या उत्तर तीरावर ते वसले आहे. माझे वडील नोकरीसाठी पुण्याला आले आणि पुण्याचेच झाले. काका गावी राहिले, वाडी त्यांनी सांभाळली. घर मात्र दोघा भावांच्या नावावर होते, आणि वडिलांच्या मागे ते नाव माझे झाले. गेल्या वर्षी दिवाळी संपता संपता चुलतभावाचा फोन आला. मी त्याला दादा म्हणतो.

"जुनं घर उतरवतोय. नवीन बांधायचं ठरलंय. तुझी संमतीची सही लागेल. सवडीनं ये."

एवढेच तो बोलला. दादा मुळातच कमी बोलतो. घराण्यातले बोलण्याचे काम पुण्याच्या शाखेकडे आहे.

स्वारगेटहून सकाळी निघालेली एस.टी. ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात शिरली. एरवी मी या वाटेवर डोंगर पाहतो, धुके पाहतो. या खेपेला मी घरे पाहत होतो. घाटावरचा काळा दगड मागे पडतो आणि जसजसे दक्षिणेला जावे तसतसा तांबडा जांभा दिसू लागतो. गडगे जांभ्याचे, विहिरी जांभ्याच्या, देवळांची जोती जांभ्याची. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजांच्या नोकरीतल्या गृहस्थाने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट असे नाव दिले. नाव मोठे समर्पक आहे. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो, की विटेसारखा ताशीव चिरा पाडता येतो, आणि वारा लागला की तो हळूहळू टणक होत जातो.

पण गाडीच्या खिडकीतून मला चिऱ्याची घरे थोडी आणि दुसरीच घरे फार दिसत होती. पोपटी रंगाची, जांभळ्या रंगाची, सपाट डोक्याची, पुढे चकचकीत स्टीलचे कठडे लावलेली. एखाद्या टेकडीआड कौलारू घर दिसले की मी हळहळत असे आणि स्लॅबचे दिसले की नाक मुरडत असे. दापोलीला गाडी बदलेपर्यंत निम्म्या कोकणाला माझा मनातल्या मनात सल्ला देऊन झाला होता.

दापोलीहून आसूद, मग हर्णै, आणि मग खाडीवरचा पूल. पूल नव्हता तेव्हा ही खाडी तरीने ओलांडावी लागे. लहानपणी मे महिन्यात आम्ही यायचो, तेव्हा होडीतून उतरताना चपला हातात घ्याव्या लागत. आता गाडी भर्रकन पलीकडे जाते. डावीकडे क्षणभर समुद्र चमकतो, नांगरलेल्या होड्या दिसतात आणि माडांत शिरलेला रस्ता थेट गावात नेतो. शेजारचे मुर्डी हे श्री. ना. पेंडसे यांचे गाव. 'गारंबीचा बापू' वर्गात शिकवताना मी हा मुलूख आपला म्हणून मोठ्या अभिमानाने सांगतो. ज्या मुलखाचे आपण वर्गात वर्णन करतो, तो आपल्याला कळला आहे असे मास्तर लोकांना वाटू लागते. पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ तेच.

आमचे घर रस्त्यापासून थोडे आत, समुद्राच्या अंगाला आहे. बेडे ओलांडले की चार पायऱ्यांची पाखाडी, मग अंगण, तुळस, पुढची पडवी, दोन पायऱ्या चढून ओटी, आत माजघर, त्याच्या डाव्या हाताला बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर, मागची पडवी, मग विहीर. विहिरीपलीकडे माडा-पोफळींची वाडी, आणि वाडी संपली की पुळण आणि समुद्र. हे सारे मी डोळे मिटून सांगू शकतो. डोळे उघडून पाहिले तेव्हा मात्र निराळे दिसले. पुढच्या बाजूला कौले होती, पण अर्ध्या घरावर निळे पत्रे होते. ते पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर चिरे ठेवलेले होते. ओटीच्या एका भालाला खालून टेकू दिलेला होता. हे २०२० सालच्या वादळापासून असेच आहे, हे मला माहीत होते. म्हणजे कोणी सांगितले होते. पाहिले होते ते मधे एकदा, घाईघाईत, जेवायला थांबलो तेव्हा.

जेवणे झाली. कुळथाचे पिठले, भात, वर सोलकढी. सुपारी कातरता कातरता दादाने फडताळातून कागद काढले आणि ओटीवर पसरले. वर संमतिपत्र होते, खाली नकाशा.

"इथं सही कर. आणि तुझे डोळे अजून चांगले असतील तर एवढं वाच रे. जिन्याच्या रुंदीचा हा आकडा तीन आहे की आठ?"

मला विचारलेला प्रश्न एवढाच होता. त्याचे उत्तर 'तीन' असे होते. ते देऊन, सही करून मी आडवा झालो असतो, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी चष्मा लावला तो उतरवलाच नाही. नकाशा चौकोनी होता. वर सपाट स्लॅब. पुढे ओटी नव्हती, पडवी नव्हती. 'सिटआउट' या नावाचे पाच फुटी काहीतरी होते. माजघराच्या जागी हॉल. मागे किचन, स्टोअर आणि संडास-बाथरूम.

"दादा, हे आपलं घर नाही," मी म्हणालो.

मग मी सुरू झालो. पुण्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, इथे साडेतीन हजारांच्या आसपास. इतक्या पावसात सपाट स्लॅब म्हणजे डोक्यावर तळे बांधणे. त्यातून हा खारा वारा. तो सिमेंटच्या बारीक चिरांतून आत शिरणार, आतली सळई गंजणार, गंजली की फुगणार आणि फुगली की स्लॅबचे पोपडे खाली पडणार. मंगळूरला १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, त्याच्याही आधी आपल्याकडे नळ्यांची कौले होती. ती माणसे काय वेडी होती? रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहा, १९१० साली बांधला, जांभ्याचा, उतरत्या छपरांचा, अजून उभा आहे. आणि माजघर! भर वैशाखात बाहेरून आले की माजघरात जो गारवा लागायचा तो या हॉलमध्ये लागणार आहे का? पडवीशिवाय कोकणातले घर म्हणजे पदराशिवाय लुगडे.

हे शेवटचे वाक्य मला स्वतःलाच फार आवडले. मी जरा थांबलो आणि दादाकडे पाहिले. त्याने सुपारीची खांडे डब्यात भरली, अडकित्ता मिटला, आणि नकाशाची घडी घातली. अगदी जुन्याच घडीवर, सावकाश.

"बरं," तो म्हणाला. "घरावर तुझंही नाव आहे. तुला कसं हवंय ते लिहून दे. इंजिनिअरला बदलायला सांगतो."

आणि तो उठून वाडीत शिंपण्याला गेला.

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. मी साहित्यावर बोलत होतो आणि त्याला ऐकू आला होता वाटणीचा कागद. ज्याची सही मिळायची आहे त्याच्या सल्ल्याला सल्ला म्हणत नाहीत, अट म्हणतात, ही गोष्ट मला पंचेचाळिशी उलटल्यावर त्या ओटीवर कळली.

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. कपबशी खाली ठेवून त्या उंबऱ्यावर टेकल्या.

"भाऊजी, तुम्ही बोललात ते सगळं खरं आहे. स्लॅब गळतो, तापतो. पण तीन जूनला तुम्ही इथं नव्हतात."

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने ते किनाऱ्यावर चढले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक होता. हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. वहिनींनी सांगितले ते वर्तमानपत्रात नव्हते.

"सकाळपासून वारा होताच. टाळेबंदीचे दिवस, सगळी घरातच. जेवणवेळेला वाऱ्याचा आवाज बदलला. आधी पुढची पडवी उचलली गेली. उचलली म्हणजे काय, टोपलीचं झाकण उचलावं तशी. तिच्यामागनं वारा आत शिरला आणि ओटीवरची कौलं पत्त्यांसारखी सुटायला लागली. एकेक कौल भिंतीवर येऊन फुटत होतं. आढं करकरायला लागलं, तेव्हा ह्यांनी सासूबाईंना उचललं आणि आम्ही मागच्या न्हाणीघरात गेलो. तिथं स्लॅब होता. ते न्हाणीघर बांधलं तेव्हा तुमच्या वडिलांनी नावं ठेवली होती, आठवतं? घराची शोभा गेली म्हणाले होते. पाच फूट बाय सात फूट. आम्ही पाच माणसं त्यात संध्याकाळपर्यंत उभी होतो. सासूबाई तेवढ्या बादलीवर बसल्या होत्या."

त्या थोड्या थांबल्या.

"बाहेर आलो तर वर आभाळ. वाडीत अर्ध्याहून जास्त पोफळी मोडलेल्या. पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं लागतात, भाऊजी. कितीतरी दिवस दिवे नव्हते, फोन नव्हता. कौलं मिळेनात. मिळाली तर छपरावर चढायला माणूस मिळेना. दर वर्षी पावसाच्या आधी शाकारणी ह्यांनीच करायची. आता अठ्ठावन्न पुरी झाली त्यांना. मुलगा चिपळूणला नोकरीत. चढणार कोण? म्हणून स्लॅब. हौस म्हणून नाही."

मी चहा प्यायलो. तो कसा होता ते आठवत नाही. त्या तीन जूनला पुण्यातही वारा होता, झाडे पडली होती. आमच्या सोसायटीतला गुलमोहर कोसळला, त्याची मी छायाचित्रे काढून मित्रांना पाठवली होती. आंजर्ल्याचा फोन लागला नाही, म्हणून चार दिवस हळहळलो. नंतर काही पैसे पाठवले. आणि मग पडवीशिवाय घर म्हणजे पदराशिवाय लुगडे, हे सांगायला साडेचार वर्षांनी आलो.

त्या रात्री मी ओटीवरच झोपलो. कौलांखाली झोपण्याची हौस फिटवून घ्यावी म्हणून. पण ऐकू येत होते ते पत्रे. दिवसभर तापलेला पत्रा रात्री गार पडताना टक् टक् असा वाजत राहतो. या घरातली माणसे हा आवाज इतकी वर्षे ऐकत झोपत होती.

सकाळी दादा म्हणाला, "चल, देवाला जाऊन येऊ." मेतकूट-मऊभात खाऊन आम्ही कड्यावरच्या गणपतीला निघालो. पायऱ्यांची वाट चढताना दोघेही बोललो नाही. उजव्या सोंडेच्या त्या गणपतीपुढे हात जोडले आणि बाहेर येऊन कठड्यापाशी उभे राहिलो. खाली माडांच्या झावळ्यांचा एकसारखा हिरवा समुद्र, त्याच्यापुढे खरा समुद्र, आणि दक्षिणेला हर्णैसमोर पाण्यात बसलेला सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्ऱ्यांच्या आरमाराचा हा आधार. १७५५ साली कमोडोर जेम्सने तो घेतला. मी हे सगळे सांगणार होतो. पण आदल्या दिवसाची आठवण होऊन गप्प बसलो.

दादानेच बोट दाखवले. "ती छपरं बघ."

झावळ्यांतून छपरे दिसत होती. काही तांबडी, काही निळी, काही करडी. "तांबडी दिसतात ती वाचलेली. निळी दिसतात ती आमच्यासारख्यांची, अजून पैसे जमायचेत. करडी ती नवीन बांधलेली."

एवढे वाचायला मी एम.ए. असूनही शिकलो नव्हतो. मग मी त्या दोन दिवसांतला पहिला शहाणपणाचा प्रश्न विचारला.

"दादा, पडवी तू का काढलीस?"

"मी कुठं काढली? पहिल्या नकाशात दोन्ही पडव्या होत्या. इंजिनिअरनं खर्च काढला, तेव्हा त्या गेल्या." तो समुद्राकडे पाहत म्हणाला. "मला काय पडवी नकोय होय? मी सुपारी वाळवू कुठं, सोलू कुठं? पण तुला खर्चाचं सांगितलं असतं तर तुझ्याकडे पैसे मागितल्यासारखं झालं असतं."

सल्ला फुकट असतो. पडवीला पैसे पडतात. घरावर माझे नाव होते, नकाशावर माझे मत होते, आणि खर्चाचा आकडा काय आहे हे मी विचारलेही नव्हते.

"पण पडवीचंच छप्पर आधी उडालं ना?"

"त्याला इलाज आहे. मेस्त्रींनी सांगितलाय. पूर्वी मोठं छप्परच तसंच खाली ओढून पडवीवर आणायचे. एकच वासा, आढ्यापासून पडवीपर्यंत. वारा पडवीत शिरला की खालनं उचलतो, वरनंही वाऱ्याची ओढ असते, आणि पडवी उचलली की ती घराला घेऊन उठते. तेव्हा पडवीचं छप्पर निराळं करायचं. भिंतीला निराळं बसवायचं, पट्ट्यांनी खाली बांधायचं. गेलीच तर ती एकटी जाईल, घर राहील."

मी पाऊण तास बोललो त्यात हे कुठे नव्हते. आम्ही उतरताना अर्ध्या वाटेवर मी दादाला पैशांचे विचारले. त्याने आधी मानच हलवली. मग मी म्हणालो, "मे महिन्यात आम्ही येऊन झोपणार कुठं? दोन्ही नसतील तर एक तरी पडवी माझ्या वाट्याची समज." तो हसला. गेल्या दोन दिवसांत प्रथमच. "मागची घे," तो म्हणाला. "पुढची मी बघतो पुढंमागं."

घरी आलो तर काकू स्वयंपाकघरात पाटावर बसून विळीवर फणसाची कुयरी चिरत होती. काकू ब्याऐंशी वर्षांची आहे. साठ वर्षांपूर्वी या घरात आली. स्वयंपाकघरात भर सकाळी दिवा लागलेला होता. मी तिच्याजवळ बसलो. प्रश्न विचारण्याची नवीनच सवय लागली होती, म्हणून सहज विचारले,

"काकू, तुला काय हवंय गं नव्या घरात?"

"मला?" ती हसली. "मला काय हवं असायचंय, बाळ? मला कोण विचारतंय?"

आदल्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात थिबा राजवाड्याचा दाखला दिला होता. तो ब्रह्मदेशचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचे राज्य घेतले आणि पुढे त्याला रत्नागिरीला आणून ठेवले. १९१६ साली तो तिथेच वारला. पण त्याच्यासाठी राजवाडा बांधायचा ठरला, तेव्हा नकाशाबद्दल त्याचे म्हणणेही ऐकून घेतले होते. कैदेतल्या राजाला जे विचारले गेले, ते आमच्या काकूला तिच्याच घरात कोणी विचारले नव्हते. दादाने नाही, इंजिनिअरने नाही, आणि परंपरेवर पाऊण तास बोलणाऱ्या मीही नाही.

"मी विचारतोय," मी म्हणालो.

काकूने कुयरीचा तुकडा पातेल्यात टाकला. थोडा वेळ काही बोलली नाही.

"एक खिडकी हवी. इथं बसल्या जागेवरनं विहीर दिसेल अशी."

"विहीर?"

"तुझे काका गेले तेव्हाचं तुला ठाऊक नाही. मी इथंच होते, चुलीपाशी. चुलीचं तोंड भिंतीकडे, माझंही भिंतीकडे. ते शिंपण्याला गेले होते, पंप चालू होता. चालू आहे ते ऐकू येत होतं, म्हणून मी म्हटलं, काम चाललंय. बऱ्याच वेळानं पाटाचं पाणी वर येऊन मागच्या पडवीत शिरलं, तेव्हा बघायला गेले. विहिरीच्या कडेला पडले होते. डॉक्टर म्हणाले, लगेच कळलं असतं तरी काही झालं नसतं. नसेल झालं. पण हाक मारली असेल की नाही, हे मला आता कोण सांगणार?"

तिने विळी पुढे सरकवली.

"तुम्हा मुलांना माजघर गार वाटायचं. उन्हातनं हुंदडून यायचात ना. आम्हाला ते भर दिवसा दिवा लावायचं घर होतं रे. गारवा तुमचा, काळोख आमचा."

दादा दारात उभा होता. कधी आला ते कळले नाही.

"आई, हे आधी का नाही बोललीस?"

"नकाशा माझ्यापुढं कुणी ठेवला नाही," काकू म्हणाली. तक्रार नव्हती, हकीगत होती.

दुपारी मेस्त्री आले. दादाने नकाशा पुन्हा उलगडला, आणि या खेपेला तो काकूपुढे ठेवला. स्टोअरची खोली उचलून बाजूला नेली की स्वयंपाकघराची भिंत विहिरीकडे येत होती. इंजिनिअरने खिडकी दाखवली होती ती जमिनीपासून तीन फुटांवर, सगळ्या घरांत असते तशी. मेस्त्रींनी नकाशाकडे पाहिलेच नाही. त्यांनी विचारले,

"आजी, तुम्ही बसता कुठं?"

काकूने पाट दाखवला. मेस्त्री जाऊन त्या पाटावर बसले, चांगले मांडी घालून. मग भिंतीकडे पाहून म्हणाले, "इथनं तीन फुटांच्या खिडकीतून माडाचे शेंडे दिसतील फक्त. खिडकी फूटभरावर घेऊ. गज लावू, म्हणजे साप-मांजराचं भय नाही. शेगडीचा ओटा बाजूच्या भिंतीला, म्हणजे वाऱ्यानं गॅस विझणार नाही. आता एकच. ही बाजू पश्चिमेची. इतकी खाली खिडकी घेतली तर पावसाची झड सरळ घरात येणार. मागं पडवी असती तर प्रश्न नव्हता."

दादाने माझ्याकडे पाहिले.

"पडवी आहे," तो म्हणाला.

मी संमतिपत्रावर सही केली. दुसरे काही बोललो नाही. माझ्या हयातीत इतक्या थोड्या शब्दांत मी कोणतेही काम केलेले नाही.

घर उन्हाळाभर बांधून झाले. यंदा गणपतीला आम्ही सारे आंजर्ल्याला गेलो. बाहेरचा गिलावा व्हायचा होता, रंग नव्हता, पण गणपती नव्या घरात बसला होता. स्लॅब आहे. हॉलच्या एका कोपऱ्यात पहिल्याच पावसाने ओल धरली होती. माझी नजर तिथे गेलेली पाहून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, काही बोलू नका. पुढच्या वर्षी वरनं पत्रा घालणार आहोत." मी काही बोललो नाही. माजघराचा गारवा नाही, हेही खरे. पण जुन्या ओटीच्या भालातल्या झोपाळ्याच्या कड्या मेस्त्रींनी आठवणीने काढून ठेवल्या होत्या, त्या स्लॅबला बसवल्या आहेत. झोपाळा तोच आहे.

आल्याबरोबर मी पाय धुवायला मागच्या दारी विहिरीवर गेलो. पाऊस नुकताच थांबला होता. पोफळींच्या नव्या रोपांवरून पाणी निथळत होते. वाकून तांब्या बुडवला, तोच मागून, जवळजवळ जमिनीतूनच आल्यासारखा आवाज आला.

"तिकडं नको रे उभा राहू! शेवाळ आहे तिथं. अलीकडच्या धोंडीवर ये."

मी वळून पाहिले. पडवीच्या सावलीत, फूटभर उंचीवर, गजांच्या मागे विळीवर बसलेली काकू दिसत होती. तिच्यामागे स्वयंपाकघरात दिवा लागलेला नव्हता. सल्ला मी विचारला नव्हता. पण तो मुकाट्याने ऐकला आणि अलीकडच्या धोंडीवर आलो.